भरलेले गुडघे

— हां, दाबा, अजून जोरानं दाबा, नारायणराव काका. गुडघे कसे भरले म्हणता? आमच्या बाबानं हेच सांगितलं असन फोनवर — 'माझ्या, या कचरूच्या शिंगराचे गुडघे पाहा, पैलवानाचे आहेत!' अमडापूरवरून ही घोडी घ्यायले तेवढ्यासाठीच आले ना तुम्ही? मग तिनं पाय काऊन ओढून घेतला? लाडानं? दुखते म्हणून. ते भरणं नाही, सूज आहे. गुडघ्याच्या वर, जिथून हाड वाढते, तिथली.

वय किती सांगितलं? तीन? ओठ वर करा तिचा — करा, चावत नाही. सगळे दुधाचे दात. तीन वर्षाची असती तर मधले पडून नवे आले असते. दीडची आहे ही. शिंगराच्या हाडाच्या टोकाशी कूर्चा असते, आपल्या कानासारखी लवलवीत — ती हळूहळू हाड होते, गुडघ्यावरची फट बुजायले दोन-अडीच वर्षं लागतात. तोवर वावरात मोकळं पळू द्या, हाड आपसूक घट्ट होते — जिथं भार पडते तिथं जुनं काढून नवं भरते, जितं असते ते. पण वरातीत बाजेवर चढवून, डफड्याच्या तालात, वरून माणूस बसवून नाचवलं ना, तर वाढायची जागाच ठेचते. आमच्या म्हाताऱ्यांचं शास्तर वेगळं — 'ओला बांबू वाकते, वाळला का मोडते, लहानपणीच नाचवा.' बांबूले गुडघा असते काय बे? — तुमाले नाही म्हटलं, काका.

हाव, शिकलो मी हे. जनावरांच्या डिप्लोमाले होतो, पाऊण वर्ष. बाबाले लगीनसराईत माणूस पाहिजे होता, म्हणे पुस्तकात घोडा नाचत नाही — सोडला. सरांनी एक्स-रे दाखवला होता, पांढऱ्या हाडात काळी रेघ, तीच ही फट. ती दिसते तोवर पाठीवर कोणी बसू नाही. पाठ आहे मले, अजूनही.

कोण बसलं? बाबा? बाबाचं वय आहे काय चढायचं? मी बसलो. देऊळघाटच्या वरातीत, सव्वा वर्षाची होती तेव्हा. बाबा साऱ्या वरातीपुढं म्हणाला, 'नाव संघर्ष, अन् शिंगराले भेते!' पोट्टे हसले — चढलो. चारही पाय बाजेवर ठेवले तिनं, टाळ्या पडल्या, म्या हात वर केले — फोटो आहे माझ्याजवळ. उतरलो तं डावा पाय उचलून उभी. बाबा म्हणे, नखरे करते.

काय? लगीनसराई दोनच महिन्यांची, तेवढी नाचून काढीन ही? वा काका. पाठची भावंडंच निघाले तुम्ही अन् बाबा. हसू नका. घोडी माझी नाही, माहीत आहे, बाबा येईन, मले चार शिव्या देईन अन् तुमाले दावं देईन. देऊ द्या. त्याले यायले अजून येळ आहे, अन् तोवर दावं माझ्या हातात आहे. सरका तिच्याजवळून. सरका म्हटलं ना. गाडी फाट्यावरूनच भेटते — निघा.