मिरच्यांचा खकाणा

नाही डॉक्टरबाई, मंगळवारपासून उर्वी येणार नाही, एवढंच सांगायला आले — बसत नाही — बरं, बसते. पावसाळ्यापासून येतेय ती, तुमच्या त्या कोचावर पडून बोलते, आणि पोर अजून काडीच. तुम्ही म्हणे लहानपणीचं विचारता — आई कशी भरवायची. भरवायचेच! आईने नाही तर कोणी भरवायचं? तोंड मिटलंन की नाक दाबून भरवलंय मी — म्हणजे दाबून असं नाही — जरासंच. सगळ्याच करतात. आता तुम्ही सांगितलंत, तिच्या ताटाकडे बघू नका, तर मी पाठ करून बसते. बांगड्याचं तिखलं केलं, सोलकढी केली, ती नुसता भात चिवडते.

आणि गुरुवारी जेवली हो. शेजारच्या यमुनाबाईंकडे. कुळथाची पिठी नि भात, वर मागून घेतलान. घरी येऊन स्वतःच म्हणाली, "आई, आज मी पोटभर जेवले." मला आनंद व्हायला हवा होता, नाही? झाला की. झाला म्हणजे — मी आत गेले, मीठ-मिरच्या घेतल्या नि तिची दृष्ट काढली. कधी नव्हे ती जेवली, नजर लागू नये, एवढंच. आमच्यात काढतात. पण आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची म्हणतात ना, तिथे मी यमुनाबाईंचं नाव घेतलं. मोठ्याने. आणि मिरच्या न्हाणीतल्या चुलीत टाकल्या तर हा खकाणा उठला! नजर असली की वास येत नाही म्हणतात. म्हणजे त्या बाईची काही नजर नव्हती. दोघी खोकत होतो, आणि खोकताखोकता उर्वी म्हणाली, "मी तिथे जेवले ते तुला आवडलं नाही ना?"

तुम्हाला म्हणून सांगते — नाही आवडलं. रांधून रांधून माझे हात झिजले, आणि हिला भूक लागली ती दुसरीच्या घरात. पिठीसुद्धा धड जमत नाही हो यमुनाबाईंना. तेव्हापासून पोर नुसत्या चहावर आहे. आणि मी तुमचा उपचार लागू पडत नाही म्हणून बंद करायला आले — लागू पडला म्हणूनच आले — हे काय बोलून गेले मी.

तुम्ही काही बोलू नका. बोलत नाहीच म्हणा तुम्ही. मंगळवारी येईल ती. एकटी येईल, मी बाहेर बाकावर नाही बसणार. यमुनाबाईंना सांगून ठेवते पिठी करायला, हात जोडून सांगते. फक्त उर्वीला कळू देऊ नका — मी सांगितलं म्हटल्यावर तीही खायची नाही. येते मी.