सातवा कॉम्प्युटर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि पाणी तपासणी प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सत्कारमूर्तींना आपण सगळे ‘किल्लीदार’ म्हणतो. इथल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर काही बसवायचं तर अ‍ॅडमिन राइट्स लागतात, आणि त्याचा पासवर्ड तेवीस वर्षं यांच्या डोक्यात. वहिनींनाही तो ठाऊक नाही, अशी तक्रार मघाशी वहिनींनीच केली.

मी कॉम्प्युटरच्या वर्गाला एक दिवसही गेलेलो नाही. मदतीची पानं वाचत, ठेचा खात शिकलो, आणि स्प्रेडशीटला जोडायचं एक अ‍ॅड-इन तयार केलं. उपकरणावरचं रीडिंग भरा, बटण दाबा, पाण्यातल्या क्लोरीनचा आकडा समोर. माझी फाइल तीन एमबीची. पण ती चालवायला सोबत जे बसवावं लागतं, ते धरून सहाशे चाळीस.

“अहो, ही तर दाढीपेक्षा मिशी जड,” किल्लीदार म्हणाले. तरी एका दिवसापुरते राइट्स दिले. संध्याकाळी पाचपर्यंत, सात कॉम्प्युटर.

सहा झाले. सातव्यावर जागा उरली होती पाचशे नव्वद. पन्नास एमबी कमी. डिस्क कशानं भरली होती म्हणाल? अशाच निरोप समारंभांच्या फोटोंनी. ते पुसायचे तर कुणाला तरी विचारायला हवं होतं. म्हणजे किल्लीदारांकडे जाऊन ‘अडलंय’ म्हणायला हवं होतं. ते माझ्या तोंडून निघेना. पाचला पाच मिनिटं असताना मी त्यांच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, “सातही झाले.” मनाशी म्हटलं, सोमवारी बघू.

सोमवारी मी दुसऱ्याच कामात होतो.

बारकावा सांगतो, कारण सगळं त्या बारकाव्यात आहे. आकडेमोड अ‍ॅड-इन करणार, म्हणून शीटची स्वतःची आकडेमोड मीच बंद ठेवली होती. तेच शीट मी सातही ठिकाणी टाकलं. सातव्यावर अ‍ॅड-इन नव्हतं, त्यामुळे रीडिंग काहीही भरा, नमुन्यादाखल राहिलेला आकडाच तिथे दिसत राहिला. शून्य पूर्णांक बेचाळीस. निर्धोक पाणी.

तिसऱ्या दिवशी त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. “दादा, रोज बेचाळीसच कसं हो येतं?”

मी म्हणालो, “पाणी चांगलं असेल तर तुमची काय हरकत आहे?” आणि हसलो.

सातव्यावर ज्या भागाचं पाणी तपासलं जाई, तिथल्या टाकीत क्लोरीन पडतच नव्हतं. त्या भागातले एकोणीस जण आजारी पडले. अठरा घरी परतले.

चौकशीत किल्लीदार उभे राहिले आणि म्हणाले, “सातव्या कॉम्प्युटरचे राइट्स मीच दिले नव्हते.” त्यांची बढती थांबली, सेवापुस्तकात शेरा बसला. मी त्याच खोलीत होतो, तिसऱ्या खुर्चीवर. खुर्चीचा एक पाय आखूड होता. तो वाजू नये म्हणून मी श्वास धरून बसलो होतो.

बाहेर आल्यावर विचारलं, “साहेब, असं का केलंत?”

“चौकशी लागल्यावर नोंदी काढल्या. सहाच दिसले, तेव्हाच कळलं मला. पण तुला काढलं तर ते शीट दुसरं कोण दुरुस्त करणार? उद्याही लोक पाणी पिणारच आहेत. जा, आधी सातवा कर.”

मी केला. पुढे तो कॉम्प्युटर अडगळीत गेला. महिन्यातून एकदा मी तो चालू करतो. अ‍ॅड-इन बंद करून जुनं शीट उघडतो, मनाला येईल ते रीडिंग भरतो. बेचाळीस. अकरा वर्षं झाली. घरी ग्लास तोंडाला लावला की तोच आकडा आधी समोर येतो, तहान मागाहून.

मघापासून या सभागृहात फोटो निघतायत. त्यांनाही कुठेतरी जागा लागेल. किल्लीदार मात्र सेवापुस्तकात तो शेरा घेऊन या दारातून जाता कामा नयेत. अध्यक्ष महोदय, हे माझ्या सहीचं कबुलीचं पत्र. आज लिहिलेलं नाही, तारीख बघा. द्यायचं धाडस तेवढं आजचं आहे.

किल्लीदार, मान हलवू नका. या वेळी तुमची परवानगी मागितलेली नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात कुठे उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. सातवा कॉम्प्युटर मात्र घालू नका.