आमच्याकडून सगळं चालू आहे

...अन् वर तोंड करून म्हणतो काय, तर 'आमच्याकडून सगळं चालू आहे!' अरे, चालू आहे तर दिसत का नाही? डोळे काय आम्ही गहाण टाकलेत? तुम्हाला सांगतो, हे एकच वाक्य झुंबर अक्काने इतक्यांदा ऐकलं, इतक्यांदा ऐकलं, की शेवटी म्हातारी झोपेत बरळायला लागली, 'आमनाकडथून बठ्ठं चालू शे', अन् बरळता बरळता भिंतीला लाथा घालायची! तिचा पोरगा कौतिक म्हणायचा, भिकन, भिंतीचे पोपडे निघाले रे. आता मी टेम्पोवाला माणूस, मी काय भिंत बांधून देऊ?

तर झालं काय, नव्व्याण्णव साल. कौतिकचं नरडाण्याला मोटारी भरायचं दुकान, विहिरीवरच्या मोटारी हो, जळाल्या की नव्या तारा गुंडाळून द्यायच्या, अन् दोन पैसे आल्यावर गड्याला हौस, घरात कॉम्प्युटर! धुळ्याच्या झुलालशेठने 'वायुवेग नेट' नावाची कंपनी काढली होती, तिचं कनेक्शन घेतलं. वायुवेग म्हणे! फोनला एक डबा जोडायचा, तो आधी किंचाळणार, मग खाकरणार, मग बोका भांडल्यासारखा आवाज काढणार, अन् तोवर तुम्ही चहा पिऊन कप विसळून ठेवा. पण हे सगळं कशासाठी? अक्काची लेक बेबा अमेरिकेत बाळंत झाली होती. पहिलटकरीण! पहिलं बाळंतपण माहेरी करायचं सोडून पोरगी तिकडे बर्फात बाळंत होते, ही जखम अक्काच्या काळजात होतीच, त्यात जावई फोनवर म्हणतात, 'मामी, फोटो पोस्टाने कशाला? मी साइटवर टाकलाय, फुकट जागा मिळते, कधीही बघा.' कधीही बघा! झालं, म्हातारी नऊवारी सावरून कॉम्प्युटरपुढे पाटावर बसली. नातवाचं तोंड बघायचं. बास, एवढंच मागणं. ना सोनं मागितलं, ना नाणं.

अन् साइट उघडेना! बाकी सगळं उघडतंय बरं का, क्रिकेट उघडतंय, कुठल्या कुठल्या देशातलं हवामान उघडतंय, एकदा तर जपानी भाषेतलं काहीतरी उघडलं अन् बंदच होईना, पण जावयाचं नाव टाकलं की पडद्यावर लाल अक्षरं, 'मनाई आहे.' आजीला मनाई? नातवाचं तोंड बघायला मनाई? कौतिकने फोन लावला. तिकडून झुलालशेठचा गडी नथ्थू, डबा जोडायला आलेला तोच, मिशा एवढ्या पण आवाज बासुंदीत बुडवलेला, 'नमस्कार, वायुवेग. आमच्याकडून सगळं चालू आहे. तुमचा डबा बंद करून चालू करा.' केला. 'वायर काढून घाला.' घातली. 'कॉम्प्युटर गरम झाला असेल, पंखा लावा.' लावला! अक्का स्वतः सुपाने वारा घालत बसली हो त्या मशीनला! पुन्हा फोन, पुन्हा बासुंदी, 'आमच्याकडून सगळं चालू आहे.' कौतिकचं टाळकं सटकलं, त्याने फोन आपटला, माऊस दोरीसकट गरागरा फिरवून भिंतीवर हाणला, अन् चपलेने त्या डब्याला असा बडव बडव बडवला की डबा बिचारा आपोआप खाकरायला लागला. अक्का ओरडली, 'मशीनले काब्र मारस रे? मशीननं काय करं? मारनं शे तं त्या मिशावालाले मार!'

आईची आज्ञा. कौतिक दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेला, अन् आला तो खालचा ओठ भज्यासारखा फुगवून. अक्काने हळद लावता लावता विचारलं, काय झालं? तर झुलालशेठ गादीच्या खुर्चीत बसून म्हणाला, 'हे बघा, ती जागा आम्हीच बंद केलीय. तिथे लोक फुकटात फोटो टाकतात, अन् कसले टाकतात? नागडे! कॉलेजची पोरं रात्रंदिवस तेच बघतात. माझी कंपनी इज्जतीची आहे.' कौतिक म्हणाला, 'अहो, मग महिनाभर चालू आहे, चालू आहे कशाला म्हणत होता?' शेठ म्हणतो, 'आमच्याकडून चालूच आहे, फक्त तुमच्याकडे बंद केलंय!' आता सांगा, याच्यावर माणसाने काय करावं? कौतिकने केलं तेच करावं. त्याने शेठची गचांडी धरली, तेवढ्यात मागून नथ्थूने कीबोर्ड उचलला अन् सणकन थोबाडावर! बटणं उडाली चहूकडे. एक बटण तर घरी आल्यावर कौतिकच्या शर्टाच्या खिशात सापडलं. अक्काने सगळं ऐकून घेतलं, अन् एकच बोलली, 'नागडं? मंग पोरगं नागडंच ऱ्हाई ना! तो काय धोतर नेसीसन जल्मना व्हता?' अन् त्या रात्री तिने भिंतीला लाथ मारली नाही. मला तेव्हाच धास्ती वाटली.

कारण आखाजी आली होती ना! तुम्ही खानदेशातले नसाल तर सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, अन् आमच्याकडे आखाजीचा दुसरा दिवस म्हणजे बायांचा दिवस. गौराई बोळवायला ह्या काठाच्या बाया नाल्यावर जातात, समोर त्या काठाच्या बाया उभ्या, अन् मग जी काय शिवीगाळ चालते, गडी माणसं कानात बोटं घालून लांब पळतात, अन् मग टिपऱ्यांनी हाणाहाणी! केस उपटतात, बांगड्या फुटतात, टेंगळं येतात, पण कोणी मनावर घ्यायचं नाही. ना पोलीस, ना पंचायत. खेळ संपला की एकमेकींच्या घरी सांजोऱ्या खायच्या. झुंबर अक्का म्हणजे आमच्या काठाची सेनापती! त्या साली त्या काठाच्या बायांनी लवकरच हात टेकले, अन् अक्काचा राग तर अजून तसाच फसफसतोय. तशीच उसळून माझ्या टेम्पोपुढे आली, हातात टिपरी, डोळ्यात काजळ, मागे सगळ्या बाया. 'भिकन, गाडी काढ. धुळे!'

मी म्हटलं, अक्का, सणाचा दिवस, दुकान बंद असेल. माझ्या बोनेटवर टिपरी आपटली. पोचा अजून आहे, या कधी, दाखवतो. काढली गाडी, कौतिक माझ्या शेजारी!

शेठ वर राहायचा अन् खाली दुकान. बाया उतरल्या त्या आरोळी ठोकतच उतरल्या. नथ्थू दारात आला, बासुंदी घेऊन, 'नमस्कार, आमच्याकडून सगळं...' पुढचे शब्द टिपरीखाली गेले! नथ्थू टेबलाखाली, त्याच्या पाठीवर टेबल, टेबलावर आमच्या काठाची ताईबाई! शेठ मागच्या दाराने पळाला तर कौतिकने त्याला धोबी कापूस कांडतो तसा... जाऊ द्या, चुकलं, धोबी कापूस कांडत नाही, पण तुम्ही तो आवाज ऐकला असता ना, तर तुम्हालाही काही सुचलं नसतं! तो आरडाओरडा ऐकून वरून शेठची बायको प्रमिलाबाई उतरली. शिरपूरकडची लेक, आखाजीच्या टिपऱ्या खात वाढलेली. तिने बघितलं, बाया, टिपऱ्या, शिव्या, अन् मध्ये रस्त्याची गटार. काय समजायचं ते समजली! माहेर आठवलं असेल बिचारीला. पदर खोचला, झाडू उचलला, गल्लीतल्या बायांना हाक मारली अन् गटारीच्या पलीकडे उभी राहून जी पहिली शिवी हासडली, अहाहा! अक्काचा चेहरा खुलला हो! म्हणाली, 'अशी ये ना मना सामने!'

मग काय विचारता! लाटणी काय, झाडू काय, कोणाचा अंबाडा सुटला, कोणाची पाटली वाकली, एक बाई गटारीत, तिला काढायला गेलेली दुसरी गटारीत. मी मध्ये पडलो, 'अहो बायांनो, अहो...' दोन्हीकडून दोन बसल्या. हवालदार सायकलवर आला, म्हणाला, 'काय दंगल आहे?' कोणीतरी सांगितलं, आखाजी. 'असं होय,' म्हणाला, टोपी काढून घाम पुसला अन् गेला!

अन् सगळ्यांना धाप लागली तशी प्रमिलाबाईने झाडू टाकला, कपाळावरचं टेंगूळ चोळत हसली, म्हणाली, 'या अक्का, घरमा या. सांजोरी खावा. आखाजीना दिन शे, मनवर घेवानं नही.' अक्का म्हणाली, खाते, पण आधी माले मना नातूनं तोंड देखनं शे. अन् सांगितलं सगळं. प्रमिलाबाईने नवऱ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की सगळ्या टिपऱ्यांचा मार त्यापुढे पुष्पवृष्टी! 'बाईने नातवाचं तोंड बघायचं नाही? खोला ती साइट! आत्ता खोला!'

शेठ उठला. एक डोळा मिटलेला, एक चप्पल गायब. काय काय बटणं दाबली अन् मनाई उठली! सगळ्या बाया कॉम्प्युटरपुढे, ह्या काठाच्या, त्या काठाच्या, चिखलाने माखलेल्या, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून. अक्का सगळ्यात पुढे, पाणावलेले डोळे पुसत. अन् फोटो यायला लागला, वरून, एक रेघ, मग एक रेघ, वायुवेग ना! आधी दुपट्याची किनार आली. मग पिवळी गोधडी. मग दोन इवल्याशा टाचा. मग... अहो काय सांगू, मग ढुंगण! गोल, गुबगुबीत, अन् उघडं! मग पाठ, मग मानेवरचं जावळ, अन् संपला फोटो.

बायांनी माना वाकड्या करून पडद्याच्या कडेला बघितलं, तोंड कुठंय?

कौतिक म्हणाला, 'शेठ, दुसरा फोटो?' शेठ म्हणाला, 'एकच आहे.' कौतिकची मूठ वर गेली, तसा शेठ दोन्ही हात जोडून रडवेला होऊन म्हणतो, 'अक्का, आईची आण घेतो, आता आमच्याकडून खरंच सगळं चालू आहे हो! पोरगंच पालथं निजलंय!'

आता उडतंय शेठचं टाळकं, म्हणून मी डोळे मिटले. काहीच आवाज नाही. उघडून बघतो तर अक्का टिपरी खाली ठेवून पडद्याशी वाकलेली. डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं, तीट लावायची ती गालाला, पण गाल कुठंय? मग जे समोर होतं त्यालाच लावली, काचेवर, हळूच. अन् मागे वळून सगळ्यांना दटावलं, अगदी दबक्या आवाजात, 'निजू द्या त्याले. कोनी गोंधळ करू नका!'

अन् तुम्हाला सांगतो, टेम्पो नाक्यापर्यंत ढकलत नेला आम्ही. अक्का चालू करू देईना!