सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

सॅम्पल फ्लॅट बघायला जाताय ना? मग आधी चपला काढा आणि तिथल्या पलंगावर आडवे व्हा. लाजू नका, माझा बाबा नव्हता लाजला.

मी तेव्हा सोळा वर्षांची. व्हिडिओ बघून बघून कार्पेट एरिया काय, भाडं किती सुटतं, सगळं तोंडपाठ. बाबाला गुंतवणूक म्हणून दिंडोशीला वन बीएचके घ्यायचा होता, तर मी एक्स्पर्ट म्हणून सोबत. बेडरूम बघितली आणि ओरडलेच, "बाबा, डबल बेड टाकूनही केवढी जागा उरतेय! भाडं झकास येईल. घेऊन टाक!"

बाबाने चपला काढल्या आणि सरळ पलंगावर झोपला.

"बाबा, ऊठ ना यार, लोक बघतायत!"

"माझे पाय बघ."

पाय घोट्यापासून बाहेर लटकत होते. आणि माझा बाबा म्हणजे जेमतेम साडेपाच फूट!

"खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच आखूड बनवतात गं."

"तुला कसं माहीत?"

"आपलं चारकोपचं घर असंच भुलून घेतलं. नेहमीचा पलंग आत टाकला, तर दार लागेना. मग छोटा आणला. तुम्ही दोघी मायलेकी मावलात, झालं."

बाबा कायम हॉलमध्ये जमिनीवर झोपायचा. विचारलं की म्हणायचा, कंबरेला बरं असतं.

"म्हणजे बाबा, तुझी कंबर?"

"कंबरेला काय झालंय?" चपला घालत तो म्हणाला, "ठणठणीत आहे."