संपतनं पाणी विचारलं तवा

न्हाई हो, संपत न्हाई हितं आता — बदली कशाची, ठेक्यावरच्या माणसाची बदली होते का कुठं — बसा ना रामकिसनभाऊ, उभे काहून राह्यले, ती खुर्ची घ्या, तिचा एक पाय ढिला हाय, भिंतीला टेकवा म्हंजे बराबर बसते. ओळखलं मी तुम्हाला. ओळखणार न्हाई तर काय! दोन सालाखाली तुमचा बैल हिरीत पडल्ता, आपणच आल्तो अग्निशमनची गाडी घेऊन. मी ड्रायव्हर, तातेराव. मला तुम्ही कशाला ध्यानात ठेवता, हिरीत उतरला तो संपत, मी वर बंबापाशी बसल्तो. पन्नास फूट हीर, कडा ढासळलेल्या, अन हा गडी कमरेला दोर बांधून असा उतरला जसं कोणी तळघरातून शेंगाचं पोतं काढायला उतरतं. बैल शिंगं हालवून राह्यला, अन हा त्याच्या पोटाखालून पट्टा घालता घालता त्याला म्हणतो, 'उगं रं राजा, उगं' — आठवतं ना? अख्खं गाव बैलाकडं पाहून राह्यलं अन तुमची पोरगी पाहून राह्यली दोराच्या गाठीकडं. आकांक्षा — व्हय, आकांक्षाच. संपत वर आला, चिखलानं भरलेला, तर ती त्याला म्हणते, 'दादा, ह्या नोकरीला काय शिकावं लागतं?' गाडीत बसल्यावर त्यानं दोनदा सांगितलं मला ते. म्हणला, तातेराव, लोक विचारतात साप चावला का कधी, भाजलं का कधी — ह्या पोरीनं विचारलं शिकावं काय लागतं.

मंग? केला तिनं फायरमनचा कोर्स? सहा महिन्याचा, पुरा? सर्टिफिकेटबी आलं? — अरे वा. न्हाई, चांगलंच हाय. चांगलंच म्हणतो मी. तोंड असंच हाय माझं, त्याच्याकडं ध्यान देऊ नका.

आता भरतीचं म्हणाल तर दहावी पाहिजे, ती हाय. कोर्स पाहिजे, तो झाला. उंची-वजनाचं माप असतं, पोरींचं येगळं, पोरांचं येगळं, ते जाहिरातीत येतं. डोळे चांगले पाहिजेत, चष्मा चालत न्हाई. मंग मैदान — आठशे मीटर पळायचं, दोरावर नुसत्या हातानं चढायचं, शिडीवर चढायचं, अन तो पुतळा. माणसाएवढा पुतळा असतो, पन्नास किलोचा, तो खांद्यावर टाकून पळायचं. संपतनं पुतळा असा नेला होता की परीक्षा घेणारे साहेब म्हणले, पुन्हा पळ रे, घड्याळ चालू करायचं राहून गेलं. पळला पुन्हा. हसत पळला. पण पुतळ्याचं कसं हाय भाऊ, पुतळा तुमच्या गळ्याला मिठी मारत न्हाई, लाथा झाडत न्हाई, 'माझी चप्पल राह्यली' म्हणून मागं ओढत न्हाई. खरं माणूस उचलायचं तर — जाऊ द्या.

कामं? कामं म्हंजे आग तर हायच, कडब्याच्या गंज्या, गोठे, उन्हाळ्यात तर रोजच काहीतरी. झाड पडलं, हिरीत माणूस, तळ्यात कोणी बुडालं — बुडालेलं काढायचं काम लई वाईट, भाऊ, घरचे लोक काठावर बसून तुमच्याच हाताकडं पाहून राह्यतात. मिरवणूक असली की चौकात उभं राहा. हेलिकॉप्टर येणार असलं की माळावर गाडी लावून उभं राहा. अन कोणाच्या मैदानाची धूळ उडते तर तिथं पाणी मारा — ते ड्युटीत येत न्हाई. बिलकुल येत न्हाई. — न्हाई, काही न्हाई, असंच निघालं तोंडातून.

संपत? संपत बहिणीकडं हाय, टेंभुर्णीला. सोनूबाई म्हणून बहीण हाय त्याची, तिच्याकडं. सुट्टीवर न्हाई. छाती गेली त्याची. धूर गेला आत. सात महिने झाले — तुम्हाला काहीच कळलं न्हाई? पेपरात आल्तं, बारीक आल्तं पण आल्तं.

मार्चचा शेवट होता. दुपारी दीडचा टाइम, फोन आला, गावाबाहेरच्या जिनिंगला आग. सहा मिनिटांत पोचलो आपण, वहीत लिहिलेलं हाय, सहा. कापसाची आग तुम्हाला सांगतो, दिसतच न्हाई. वरून नुसता पांढरा धूर, अन आत ढिगाच्या पोटात ती चालत राह्यते, एकीकडं विझवली की दुसरीकडून डोकं काढते. सगळे मजूर बाहेर आल्ते, मुकादम मोजून राह्यला, अन मोजता मोजता म्हणला, केशरबाई न्हाई. कापूस निवडायला यायची बाई, पन्नाशीची असंल. अंगात ताप होता म्हणून जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत जाऊन पडल्ती. मागच्या खोलीला दार एकच, अन ते कापसाच्या गोदामातून. तोंडाला लावायचं ते हवेचं नळकांडं असतं, सिलेंडर — आकांक्षाला शिकवलं असंल — ते आमच्याकडं दोन, दोन्ही रिकामे. भरायला पाठवायचे, पाठवायचे, असं चाललं होतं दिवाळीपासून. संपतनं टॉवेल भिजवून तोंडाला बांधला, पाइप खांद्यावर घेतला अन गेला आत. मी पंपावर. चार मिनिटं, पाच मिनिटं पाणी चाललं अन पंप बंद पडला. पंप बंद पडला, काय करणार! मशीन हाय ते. कुठल्याबी माणसानं मागं फिरावं की न्हाई? पाणी न्हाई, तोंडाला टॉवेल — मागं फिरावं. हा न्हाई फिरला. पाइप तिथंच टाकला अन पुढं गेला. किती येळ ते मला सांगता येणार न्हाई, लोक म्हणतात दहा मिनिटं, मला तर — बाहेर आला तवा बाई पाठीवर होती, अन हा गुडघ्यावर चालत होता. बाई बोलत होती. 'पाणी द्या' म्हणली. हा तिथंच आडवा पडला.

तिला जालन्याला नेलं, ह्याला संभाजीनगरला. महिनाभर नळ्या होत्या तोंडात. आता बाजेवरून उठून दारापर्यंत आला तरी मधी एकदा खाली बसतो. बोलतो, पण चार शब्द अन थांबतो, चार शब्द अन थांबतो. मी जाऊन येतो महिन्याला एकदा. जवारीचं पीठ घेऊन जातो, सोनूबाईला तेवढाच आधार. ठेक्याच्या रजिस्टरातून नाव तर त्याच महिन्यात कमी केलं त्यांनी. गैरहजर म्हणून.

आज जाता? आता हितूनच? — अहो पण टेंभुर्णी लांब, जालन्याहून गाडी बदलावी लागंल — न्हाई, भेटा, भेटा, मी काहून अडवू? त्याला बरं वाटंल. पोरीनं कोर्स केला म्हणाल तर लईच बरं वाटंल त्याला. फक्त एक करा भाऊ. तो तुम्हाला केशरबाईचं विचारंल. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्याला विचारतो. तर सांगा की चांगली हाय, लेकाकडं हाय, पुण्याला.

न्हाई.

न्हाई हो, कुठं वाचली. तिसऱ्या दिवशी गेली, जालन्याच्या दवाखान्यात. ह्याच्या तोंडातली नळी निघाली अन पहिला शब्द निघाला, 'बाई?' मी खाटेपाशी बसलेलो. काय म्हणणार होतो मी? म्हणलं, ठीक हाय, कामाला लागली बाई. डॉक्टर म्हणलेच होते की मनाला धक्का देऊ नका. मंग पुढल्या महिन्याला त्यानं पुन्हा विचारलं, तर म्हणलं, लेकानं पुण्याला नेली. मंग तो विचारतो, करमतं का तिला तिकडं? म्हणलं, करमत नव्हतं, पण आता नातू झाला. नातू झाला म्हणलं मी, भाऊ! मागल्या खेपेला मला म्हणतो, नाव काय ठेवलं नातवाचं. शिवाजी, म्हणलं. माझ्या थोरल्या भावाचं नाव हाय ते, तेच आलं तोंडात. हसला तो. एवढ्या सात महिन्यांत तेवढाच हसला. सोनूबाई चुलीपाशी होती, तिला सगळं म्हाईत हाय, ती उठून बाहेर गेली. तर तुम्ही शिवाजीचंबी ध्यानात ठेवा. विचारलंच तर.

— गाडी? हीच ती. हितं उभी हाय तीच. — न्हाई, नवा कुठला पंप, तोच हाय. — हो, चालतो की. आज सकाळीच भाजी मंडईतली नाली धुतली त्यानं. — दुरुस्त… न्हाई. तसा दुरुस्तीला न्हाई गेला.

तुमचीबी नजर बारीक हाय, रामकिसनभाऊ. चौकशीला तिघं साहेब आल्ते, तिघांनी कागद पाहिले, पंपाकडं कोणी पाहिलं न्हाई.

न्हाई बिघडला पंप.

त्या दिवशी सकाळी एका नगरसेवकाचा फोन आल्ता, त्याच्या भाच्याची क्रिकेटची मॅच होती, मैदानावर धूळ उडते, तातेराव, जरा पाणी मारून द्या. न्हाई म्हणता येतं का? येतं. म्हणायला काय, येतं. मी न्हाई म्हणलं. म्हंजे — न्हाई म्हणलो न्हाई मी. गेलो. वहीत लिहिलं न्हाई, तसलं लिहीत नसतात. साडेचार हजार लिटरची टाकी, अर्धी उतरली मैदानावर. एक वाजता टाकी भरायला जलकुंभावर गेलो तर लाइट न्हाई, तिथला माणूस म्हणला, अर्धा तास थांबा. मी म्हणलं, जेवून येतो. भूक लागल्ती. भाकरी अन ठेचा आणल्ता, हितंच बसून खाल्ला, त्या बाकावर. हात धुतला अन फोन वाजला.

संपत मागं चढला तवा मी सांगायला पाहिजे होतं. सांगतो म्हणलं, वाटेत सांगतो. वाटेत भोंगा चालू, काय ऐकू येतं! तिथं पोचलो तर दोनशे माणूस उभं, शिव्या देऊन राह्यलेलं, उशिरा आले म्हणून — सहा मिनिटांत गेलो तरी उशिरा. एकाला जालन्याच्या गाडीला फोन लावायला सांगितलं, पण ती येणार तासाभरानं. अन संपतनं टॉवेल बांधता बांधता मला विचारलं. दर टाइमाला विचारायचा तो, आत जाण्याआधी, तशी रीतच हाय, आकांक्षालाबी शिकवलं असंल. 'तातेराव, पाणी किती?' म्हणला. ते दोनशे माणूस ऐकून राह्यलं. अर्धी टाकी घेऊन बंब आला हे मी त्यांच्यासमोर कसं सांगू? मला वाटलं, अर्ध्यात होऊन जाईल. खोली काही लांब न्हाई, होऊन जाईल. मी म्हणलं, 'भरलेली हाय. जा.'

असंच म्हणलं. 'जा.'

खरं बोललो असतो तर तो गेला नसता, असं न्हाई. गेलाच असता. पण येगळा गेला असता ना! आधी मागची भिंत फोडली असती, शेजारची हीर पाहिली असती, काहीतरी केलं असतं त्यानं, डोकं होतं त्याला. तो माझ्या पाण्याच्या भरवशावर सरळ मधून गेला.

अन त्याला कळलेलं हाय. पंप बंद पडला तर पाइप एकदम ढिला पडतो. पाणी संपलं तर तसं न्हाई होत, पाइप खोकलतो, थुकतो, हवा मारतो हातात. सहा वर्षं पाइप धरला त्यानं, त्याला कळणार न्हाई? चौकशीवाले साहेब दवाखान्यात त्याचा जबाब घ्यायला गेले, मी बाहेर व्हरांड्यात बसल्तो, दाराकडं कान लावून. त्यानं सांगितलं, पंप बंद पडला. माझेच शब्द. जशाला तसे. मी काही त्याला शिकवले नव्हते, भाऊ, देवाशपथ, शिकवले नव्हते. त्यानं कुठून ऐकले, कोणी सांगितले — मी विचारलं न्हाई. तो मला विचारत न्हाई, मी त्याला विचारत न्हाई. मी गेलो की तो केशरबाईचं विचारतो.

कधी कधी वाटतं की तिचंबी त्याला म्हाईत हाय. नातवाचं नाव विचारलं तवा माझ्याकडं पाहून राह्यला होता तो. असा एकटक. हसला, पण —

काय सांगू? कोणाला सांगू आता? साहेबांना? सांगून त्याची छाती येते का माघारी? केशरबाई येते का? सांगितलं तर त्याचा जबाब खोटा पडंल, त्यालाच धरतील. असं सगळं बसून गेलेलं हाय ते, हालवायला जागा न्हाई. — घाबरतो? हो, घाबरतो. मंग? एवढं तर घाबरूच शकतो ना माणूस.

तुम्ही आकांक्षाचं विचारायला आले अन मी काय घेऊन बसलो. ऐका. जागा हाय. एकच हाय, ठेक्याची. संपतचीच. पोरगी हुशार हाय, मैदान मारंल, घेतील तिला. मंग ती ह्या गाडीवर येईल. ह्याच. दुसरी गाडी न्हाई आमच्याकडं. अन गाडीवर मीच हाय, अजून अडीच वर्षं. ती आत जाण्याआधी मला विचारंल. तवा मी —

न्हाई, मी आता खरंच सांगंन हो. सांगंन ना. — सांगंन असं वाटतं मला.

असं पाहू नका माझ्याकडं. अर्ज मोठ्या ऑफिसात भेटतो, वरच्या मजल्यावर, डावीकडची खिडकी. चारला बंद करतात. द्यायचा तर द्या, न्हाई तर पोरीला घेऊन घरी जा, माझं काही म्हणणं न्हाई. उठा. उठा म्हणलं ना, भाऊ. जा आता.