सैल झालेले तीन नट

(कोरियातल्या देजॉन शहरातली बॅटरीची प्रयोगशाळा. कोरड्या खोलीच्या दारात पांढरे झगे चढवलेल्या दोघी. ग्योंग-आ इथली थोरली संशोधक, सोल-आ तिच्या हाताखाली शिकलेली धाकटी.)

ग्योंग-आ : अगं, सेलच्या चापाचे नट होतात सैल कधीकधी! त्यात एवढं तोंड पाडून उभं राहण्यासारखं काय आहे?

सोल-आ : तिन्ही एकदम, ताई? नट आवळून झाला की मी त्यावर लाल रेघ ओढते. तिन्ही रेघा सरकल्यात.

ग्योंग-आ : मग पूजा कमी पडली असेल तुझी. नवं प्रेस यंत्र आलं, रीतीप्रमाणे त्यापुढे डुकराचं डोकं मांडलं, तेव्हा सगळ्यांत खाली वाकले ती मी. मिळालं काय? माझा सेल पंधरवड्यात गार. तुझा आपला चालतोयच मेला. नशीब लागतं एकेकाला!

सोल-आ : नशीब नाही हो. चार्ज होताना इलेक्ट्रोडचे दाणे फुगतात, मग आक्रसतात. फट पडते. आपल्या सेलमध्ये ती भरायला द्रव नाही, सगळंच घन; म्हणून तर बाहेरून चाप आवळून दाब द्यावा लागतो. फट पडूच नये म्हणून मी दाण्यांवर मऊ लेप...

ग्योंग-आ : मला शिकवतेस? लेप द्यायला तुला शिकवलं कुणी? त्या काचेच्या पेटीत हात घालून घालून माझे खांदे गेले, सोल-आ. तू काल आलीस, आणि सर सगळीकडे सांगत सुटलेत, ‘सोल-आचा इलेक्ट्रोड’! पुढच्या महिन्यात मोटारवाल्यांपुढे तूच उभी राहणार. तिळपापड होतो माझा, तोंडावर सांगते.

सोल-आ : म्हणून मंगळवारी जेवायला आला नाहीत?

ग्योंग-आ : बरं नव्हतं मला.

सोल-आ : सर माझ्यासाठी सगळ्यांना गरम गुकबापचा सूप-भात खायला घेऊन गेले. इथे एकट्या तुम्ही होतात. दाबाचा आलेख नेमका तेव्हाच खाली घसरलाय.

ग्योंग-आ : हो! मीच! तुम्ही सगळे हसत जिना उतरलात, आणि पाना माझ्या हातातच होता. फिरवला. म्हटलं, दाब गेला की दोन दिवसांत मरेल हिचा सेल, मग सर पुन्हा माझ्याकडे बघतील. जा, सांग त्यांना. सगळ्यांना सांग.

सोल-आ : मेला नाही तो.

ग्योंग-आ : काय?

सोल-आ : आज शुक्रवार. दाब नसल्यासारखाच आहे, तरी सेल तसाच चालतोय. म्हणजे लेप असला की चाप लागतच नाही. एवढा जड लोखंडी चाप गाडीत घालायचा कसा, इथेच तर सगळे अडलेत ना? माझी तर नटाला हात लावायची छाती झाली नसती.

ग्योंग-आ : म्हणजे मी तुझ्या वाटेत खड्डा खणला, आणि त्यालाही पाणी लागलं तुझ्याच नावाचं. धन्य आहे!

सोल-आ : सर येतायत आलेख बघायला. पहिल्यांदा काय विचारतील सांगू?

ग्योंग-आ : काय?

सोल-आ : नट सैल करून बघायचं कुणाला सुचलं.

ग्योंग-आ : मग? काय सांगणार आहेस तू?

सोल-आ : मी काहीच सांगणार नाही, ताई. रेघा तशाच ठेवल्यात. सर आले की तुम्हीच बोला.