नंदाचं मशीन वर चालत नाही

…नाही नाही, बूट राहू देत पायात, वर गार असतं. आणि जिना सांभाळ हं वैदेही, इथले जिने म्हणजे शिड्याच – हां, डावीकडची खोली. दार जरा ढकल जोरात, फुगलंय. ये. तर हा तुझ्या नंदामावशीचा स्टुडिओ – सख्खी नव्हे, माहितीये मला, तुझ्या आईची मावसबहीण, पण तुमच्या नाशिकला सगळ्या मावश्याच – बस त्या खुर्चीवर. डिस्क ना? देतो की. त्यासाठीच तर आलीयेस, नाहीतर रविवारी आइंडहोव्हनहून बस पकडून न्यूनेनला कोण येतं? आणि उद्याचं विमान तुझं, बॅगा भरायच्या असतील. देतो. फक्त हे तिचं एडिटिंगचं मशीन एकदा चालू होऊ दे. सगळं आहे ना आत, एवढं बघतो आणि मग काढतो. उगाच तू नाशिकला पोचणार, नंदा ती डिस्क लावणार आणि निघाली रिकामी तर? म्हणेल, जयप्रकाशने घातला घोळ.

बघ, दाबलं बटण. पंखे फिरले? फिरले. दिवा लागला? लागला. आणि स्क्रीन? काळा. हे असं चाललंय. पुन्हा दाबू – बघ, आता सुरू झाल्यासारखं करेल – बघ, बघ – गेलं. नंदा गेली ना, आईच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी, सहा आठवडे म्हणून – दोन वर्षं होतील आता – ती गेली आणि त्याच हिवाळ्यात हे सुरू झालं. मला वाटलं रॅम. रॅम बदलली. उन्हाळाभर मशीन खणखणीत, मी म्हटलं चला, सापडलं. नोव्हेंबर आला आणि पुन्हा तेच. मग पॉवर सप्लाय बदलला. मग ग्राफिक्स कार्ड. कंपनीत माझं कामच हे आहे गं, बंद पडलेली चिप आणून देतात आणि मी का बंद पडली ते शोधतो, लोक मला शेजारच्या बेस्ट गावाहून फोन करून विचारतात – आणि घरातलं एक मशीन मला सापडू नये?

हो, तू म्हणतेस ते खरं, डिस्क नुसती काढूनही देता येते. दोन स्क्रू. पाच मिनिटांचं काम. येतं मला ते.

कॉफी घे ना, गार होईल.

हे तिनं स्वतः जोडलंय, सांगितलं कधी तिनं? इथे आली तेव्हा माझ्या व्हिसावर आली, डिपेंडंट – तो शब्द तिला आवडायचा नाही – पहिली दोन वर्षं नुसती डच शिकत होती आणि सायकलवरून पडत होती. मग कुणाचं तरी बारसं शूट करून दिलं, मग साखरपुडा, मग एका डच बाईच्या घोड्यांचा व्हिडिओ, आणि मग म्हणाली, लॅपटॉपला झेपत नाही, मी मशीन बांधणार. मी म्हटलं थांब, शनिवारी दोघं मिळून करू. शुक्रवारी ऑफिसातून आलो तर खाली डायनिंग टेबलावर मशीन चालू! मला स्क्रूड्रायव्हरसुद्धा धरू दिला नाही. आणि काय हसत होती – असं हसताना मी तिला लग्नातही पाहिलं नव्हतं. मग मीच म्हटलं, हे जेवायच्या टेबलावरून हलव आता, वरची खोली घे तुला. म्हणून हे वर.

आणि गंमत सांगू? गेल्या महिन्यात मी ते पुन्हा खाली नेलं. त्याच टेबलावर ठेवलं. दोन दिवस सलग चाललं! एकदाही अडलं नाही. वर आणलं, की काळा स्क्रीन. मला वाटलं इथलं सॉकेट खराब. एक्स्टेन्शन बदलून पाहिलं, बाहेरच्या पॅसेजमधून वायर ओढून पाहिली – काही नाही. नंदाचं मशीन वर चालत नाही, बस. खालीच का नाही ठेवलं? अगं, पण तिची जागा वर आहे ना. ती आली की तिला इथेच लागणार सगळं, हे हेडफोन, हा दिवा… तू जॅकेट का नाही काढत? केव्हाची तशीच बसलीयेस. थंडी? हो, तो रेडिएटर बंद असतो इथला. एकट्या माणसाला किती खोल्या तापवायच्या? ती असतानाही मी फार लावू द्यायचो नाही. ती म्हणायची, बोटं आखडतात माझी एडिट करताना. मी म्हणायचो, स्वेटर घाल, इथे सगळे स्वेटर घालतात…

थांब.

थांब जरा – उन्हाळ्यात चालतं. खाली चालतं. वर, हिवाळ्यात… अगं, गारठा! बोर्डावर कुठेतरी केसाएवढी चीर असणार, गारठ्यात उघडते, ऊब मिळाली की मिटते – हे मी रोज बघतो गं, रोज! ऊठ, तिथून जरा सरक, रेडिएटर लावतो. हा पूर्ण फिरवला. बस आता. दहा-पंधरा मिनिटं लागतील. नाही, एवढं थांबच. तुझी पुढची बसही मिळेल.

तिची आई कशी आहे? चालते ना आता? तुमच्या नाशिकच्या गंगेवर फिरायला जाते म्हणे रोज. बरंय. फोनवर नंदा म्हणाली, मैत्रिणीबरोबर जागा घेतलीये कॉलेज रोडला, नवीन मशीन घेतलंय, फक्त जुनी शूट्स हवीत, वैदेहीकडे डिस्क दे. मी म्हटलं, डिस्क कशाला, मशीन दुरुस्त करून ठेवतोय, तू आलीस की… तर लाइन गेली वाटलं मला. हॅलो, हॅलो करत बसलो. लाइन नव्हती गेली.

दाबू? दाबतो.

आलं. बघ, आलं! काय म्हणत होतो मी – आलं की नाही? हे बघ तिचे फोल्डर, बारसं, साखरपुडा, घोडे… हे काय, टेस्ट. हे नव्हतं पाहिलं मी. मीच आहे, खिडकीशी, पेपर वाचतोय. केवढं लांबलचक आहे, आणि मी मान वर केलेली नाही एकदाही. तिचा आवाज ऐकलास? मागून, हळूच? – ‘जयप्रकाश, इकडे बघ ना.’ – दोनदा म्हणाली. दोनदा म्हणाली ना?

बंद करतो.

हा एक स्क्रू. हा दुसरा. घे. हातातल्या बॅगेत ठेव हं, चेक-इनमध्ये टाकू नकोस, फेकतात बॅगा. या मोज्यात गुंडाळ, धुतलेला आहे. निरोप? निरोप काय… सांग, डिस्क व्यवस्थित आहे, सगळं आहे आत. आणि मशीनचं विचारलं तर सांग, सापडलं मला. नाही विचारलं तर नको काही बोलूस.

नाही, मी नाही येत खाली. जिना बघून उतर. दार नुसतं ओढून घे, आपोआप लागतं. जा बाळ, बस येईल तुझी.